पावडरी फुलांचं परफ्यूम पहिल्यांदा लावताना

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंनी वाण देताना माझा हात धरला, जरा जवळ आल्या आणि विचारलं, "पावडर कुठली लावतेस गं? आमच्या आईच्या डब्याचा वास आला." मी पावडर लावलीच नव्हती. सकाळी साडेअकराला मनगटावर परफ्यूमचा एक फवारा मारला होता आणि आता संध्याकाळचे पाच वाजले होते. फूल केव्हाच मावळून गेलं होतं, उरली होती ती पावडर. मला फार आनंद झाला, कारण हे परफ्यूम जे बोलतं तेच काकूंनी ऐकलं होतं.

पण ओळखीतल्या तीन-चार जणींच्या कपाटात अशीच एकेक बाटली जवळपास भरलेली पडून आहे. कुणाला भेट आलेली, कुणी मॉलमध्ये आवडली म्हणून घेतलेली. घरी आणून दोनदा लावली, "आजीबाईचा वास येतो" किंवा "डोकं चढतं" म्हणाल्या आणि मागे सरकवून टाकली. प्रत्येकीला मी खोदून विचारलं. कुणी पहिल्या दहा मिनिटांत निकाल दिला होता, तर कुणी एप्रिलच्या दुपारी चार फवारे मारून सिटी बसमध्ये चढली होती. या प्रकारच्या परफ्यूमला वेळ द्यावा लागतो, ते कमी लावावं लागतं आणि आपल्या नाशकाच्या हवेचाही विचार करावा लागतो. पहिल्यांदाच लावणार असाल तर पुढच्या क्रमाने जा.

आधी घरातला वास ओळखा

दुकानात जाण्याआधी घरातच थोडा वेळ काढा. टाल्कम पावडरचा डबा उघडा आणि नाक आत न घालता वीतभर लांबून हुंगा. मग जुना कॉम्पॅक्ट असेल तर तो, आणि लिपस्टिक. घरात तान्हं बाळ असेल किंवा होऊन गेलं असेल तर वेखंडाची पूड सापडेल, तीही हुंगा. जुन्या लाकडी पेटीत ठेवलेल्या साड्यांचा वास घ्या. या सगळ्यात एक कोरडेपणा सामाईक आहे. मोगऱ्याचा गजरा ओला असतो, सोनचाफा तर जवळजवळ रसाळ असतो. पावडरी वास मऊ, कोरडा, किंचित गोड असतो आणि नाकाला बारीक पिठासारखा लागतो. परफ्यूमच्या वर्णनात "पावडरी" हा शब्द येतो तेव्हा याच स्पर्शाबद्दल बोलणं चाललेलं असतं, एखाद्या ठरावीक फुलाबद्दल नाही.

वेखंड मी मुद्दाम सांगितलं. पाश्चात्त्य परफ्यूमांतल्या पावडरी वासाचा सगळ्यात मानाचा घटक म्हणजे आयरिसचा कंद, त्याला ऑरिस म्हणतात. गंमत अशी, की आयरिसच्या फुलापेक्षा या जमिनीखालच्या गाठींना जास्त मोल. त्या खणून, सोलून, वाळवून वर्षानुवर्षं ठेवतात, कारण ताज्या कंदाला तो वास नसतो. साठवणीत हळूहळू इरोन नावाची द्रव्यं तयार होतात आणि तीन-एक वर्षांनी कंद खऱ्या अर्थाने सुगंधी होतो. म्हणून तो महाग. वेखंडाचं कुळ वेगळं आहे आणि वासही अधिक उग्र, तिखट. पण वाळलेली मुळी, तिची पूड आणि ती अंगाला लावायची, ही रीत तिकडे आणि इकडे सारखीच. युरोपात ऑरिसची पूड केसांच्या टोपांना आणि चेहऱ्याच्या पावडरींना लावत. लिपस्टिकांना गुलाब आणि व्हायोलेटचा वास देत. शृंगाराच्या टेबलावरचे हे वास पिढ्यान्‌पिढ्या तसेच राहिले आणि त्यातूनच आयरिस-व्हायोलेट म्हणजे पावडर हे समीकरण पक्कं झालं. "आजीबाईचा वास" म्हणणारी मुलगी चूक बोलत नाही. ती फक्त ओळखलेला वास नापसंत वासात टाकते.

व्हायोलेटची गोष्ट वेगळी आहे. फुलातून तेल काढणं अतोनात महाग होतं. 1893 मध्ये टीमान आणि क्रुगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी आयोनोन बनवलं आणि व्हायोलेटचा वास बाटलीत स्वस्तात आला. त्याच्या जोडीला हेलिओट्रोपिन (बदाम आणि व्हॅनिला यांच्या मधला गोडवा), कुमारिन (वाळल्या गवताचा), व्हॅनिलिन आणि पांढरं मस्क (कस्तुरीच्या धर्तीवरचा कृत्रिम, मऊ वास). एवढी पाच-सहा नावं लक्षात ठेवलीत तरी पुढे बाटलीवरची माहिती वाचून अंदाज बांधता येईल.

दुकानात जाताना

बाटली घ्यायला जाऊ नका, फक्त हुंगायला जा. कॉलेज रोडला किंवा सिटी सेंटर मॉलमध्ये जाताना त्या दिवशी स्वतः काहीच लावू नका, सुवासिक केसतेलही नाही. काउंटरवर "पावडरी दाखवा" म्हटलं तर बहुतेक वेळा बेबी पावडरसारखं काहीतरी हातात पडतं. त्यापेक्षा "आयरिस, व्हायोलेट, हेलिओट्रोप, मस्क यातलं काय आहे?" असं विचारा.

कागदाच्या पट्टीवर तीनच वास घ्या. चौथ्यापासून नाक खरं बोलत नाही. कॉफीचे दाणे पुढे करतील, त्यांची गरज नाही. स्वतःच्या कोपराच्या आतल्या भागाचा वास घ्या, नाहीतर दोन मिनिटं दाराबाहेर उभ्या राहा. पट्ट्यांवर नावं लिहून त्या पर्समध्ये वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा आणि रात्री घरी पुन्हा हुंगा. दुकानात जी सगळ्यात फिकी वाटली होती, तीच रात्री सगळ्यात सुंदर निघते, हे माझ्या बाबतीत दोनदा झालं आहे.

कुठली नावं मागायची? या घराण्याचे थोरले म्हणजे शनेलचं नंबर 5 (1921) आणि गेरलाँचं लर ब्ल्यू (1912). नंबर 5 मध्ये अल्डिहाइड नावाच्या सुगंधी द्रव्यांची साबणासारखी चकाकी आहे, ती नव्या नाकाला टोचू शकते. गेरलाँचंच शालिमार 1925 चं. मुघलांच्या शालिमार बागेवरून त्याचं नाव पडलं. आपल्याकडे शालिमार म्हटलं की रिक्षावाला त्या नावाच्या चौकात नेऊन सोडेल, पण मुघलांच्या काळात नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं हे आठवलं, की ती बाटली मला उगाच शेजारची वाटते. शालिमारमध्ये फुलांपेक्षा व्हॅनिला जास्त आहे, म्हणून ते पहिलं नको. सुरुवातीला मी दोन सुचवेन: केंझोचं फ्लॉवर (2000) आणि प्राडाचं आँफ्युजियाँ दीरिस (2007). पहिलं गोडसर आणि गुबगुबीत, दुसरं धुतलेल्या सुती चादरीसारखं.

एवढा खर्च नको असेल तर जुन्या नाशकातल्या एखाद्या अत्तराच्या दुकानात जाऊन व्हाइट मस्कची तीन मिलीची कुपी घ्या. त्यात फूल कमी आणि बहुतेक सगळं मस्क कृत्रिम असतं, पण पावडरी मऊपणा म्हणजे काय ते कळायला ती पुरते. कनौजची गुलाब किंवा केवड्याची पारंपरिक अत्तरं वेगळी. देग-भपक्यात, म्हणजे वाफ धरायच्या पारंपरिक भांड्यांत, फुलं उकळून ती वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात. त्यांचा गोडवा दाट असतो, पिठासारखा नाही. दोन्ही एकाच दिवशी हुंगलीत तर फरक चटकन कळेल.

एक अनुभव सांगते. मी पहिली बाटली ऑनलाइन, निम्म्या किमतीत घेतली. खोका तंतोतंत होता, वास पहिली वीस मिनिटं बरोबर होता आणि नंतर नुसतं स्पिरिट उरलं. पावडरी परफ्यूमचा सगळा जीव शेवटच्या टप्प्यात असतो, आणि नकली माल नेमका तिथेच उघडा पडतो. तेव्हापासून मी आधी पाच मिलीचं डिकँट (मोठ्या बाटलीतून छोट्या कुपीत काढून दिलेलं परफ्यूम) घेते. एका फवाऱ्यात साधारण 0.1 मिली जातं, म्हणजे पाच मिलीत पन्नासेक फवारे. एवढ्यात आपल्याला ते हवं की नको हे नक्की ठरतं.

पहिला दिवस

आदल्या रात्री कोपराच्या आत एक थेंब लावून ठेवा. सकाळपर्यंत खाज, लाली नसेल तरच पुढे जा.

सुट्टीचा दिवस निवडा. आंघोळ करून, अंग पूर्ण कोरडं करून, मनगटावर बिनवासाची व्हॅसलीन अगदी पुसट लावा, कारण कोरड्या त्वचेवर वास टिकत नाही. मग वीतभर अंतरावरून एकच फवारा. दोन्ही मनगटं एकमेकांवर घासू नका, घासल्याने सुरुवातीचा टप्पा भर्रकन उडून जातो. वही जवळ ठेवा. मी शिकले ते केंझोच्या फ्लॉवरवर (ईडीपी, म्हणजे ओ द पार्फम, हा दाट प्रकार), म्हणून त्याचाच दिवस सांगते.

पहिला भपकारा अल्कोहोलचा. तो अर्ध्या मिनिटात जातो, तोवर नाक जवळ नेऊच नका. मग काहीतरी थंड, हिरवट आणि थोडं काटेरी. या परफ्यूमच्या बाटलीवर लाल पॉपीचं फूल आहे आणि पॉपीला सांगण्याजोगा वासच नसतो. अल्बेर्तो मोरियास या परफ्यूमकाराने तो कल्पनेने रचला, गुलाब आणि व्हायोलेट घेऊन. म्हणून "हे कुठलं फूल?" असं शोधत बसू नका, सापडणार नाही.

वीस मिनिटांनी गुलाब येतो. पण तो काळाराम मंदिराबाहेर हारात ओवतात तो देशी गुलाब नाही. मोहाडी-जानोरीकडच्या पॉलीहाऊसमधले लांब दांड्याचे गुलाब तर दिसायला देखणे, पण वासाला जवळजवळ मुके असतात, तेही नाहीत. हा गुलाब म्हणजे हळदीकुंकवाला गुलाबदाणीतून अंगावर उडवलेलं पाणी वाळल्यावर पदराला जे राहतं ते. माझ्या वहीत पहिल्या दिवशी इथे "गोड, जरा जास्तच" एवढंच लिहिलेलं आहे.

पाऊण तासाने ते "आजीबाई" प्रकरण सुरू होतं. व्हायोलेट वर येतं, लिपस्टिकचा मेणचट वास येतो, पावडरचा पफ चेहऱ्यासमोर झटकल्यासारखं वाटतं. बहुतेक जणी इथेच हात धुऊन टाकतात. धुऊ नका. गॅलरीत जा, कपडे वाळत घाला, भाजी निवडा. मनगट मुद्दाम नाकाशी नेऊ नका, हात हलवताना जो वास आपोआप येईल तोच खरा. दरवळ आणि वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समोरच्या माणसाला दरवळ कळतो, मनगटाला नाक लावून हुंगलेला वास त्याला कधीच येत नाही.

दोन-अडीच तासांनी मेणचटपणा खाली बसतो आणि व्हॅनिला-मस्क उरतं. माझ्या त्वचेवर हा भाग संध्याकाळपर्यंत राहतो आणि तो इतका मऊ असतो, की परफ्यूम लावलंय हे विसरायला होतं. त्या पहिल्या दिवशी चार वाजता मी पोळ्यांसाठी पीठ मळत होते. कणकेचा कोमट वास आणि मनगटावरचा हा, दोन्ही एकमेकांत मिसळले, आणि मला वाटलं, हे आपलंच आहे. वहीत या ओळीखाली दोन रेघा आहेत.

वास गेला कुठे?

पहिल्या आठवड्यात हा प्रश्न हमखास पडतो. मध्येच वास पूर्ण नाहीसा होतो, पाच मिनिटांनी परत येतो, पुन्हा जातो. बाटलीत दोष नाही. आयोनोनचा स्वभावच असा, की तो नाकातल्या वास टिपणाऱ्या रिसेप्टरांना थोडा वेळ थकवतो. ते ताजेतवाने झाले की व्हायोलेट नव्याने भेटतं. शिवाय काही माणसांना जन्मतःच बीटा-आयोनोनचा वास नीट येत नाही, तो जनुकांचा भाग आहे. मस्कचंही तसंच. काही मस्क काहींच्या नाकाला कळतच नाहीत, कारण त्यांचे रेणू मोठे असतात आणि प्रत्येकाचं नाक ते सारखं टिपत नाही.

म्हणून वास गेला असं वाटलं, की दुसरा फवारा मारू नका. घरातल्या कुणालातरी हातभर अंतरावर उभं करून विचारा. मला काहीच येत नव्हतं तेव्हा माझा नवरा दोन खोल्यांपलीकडून म्हणाला होता, "आज फार झालंय." त्याच्या नाकावर मी तेव्हापासून विश्वास ठेवते.

नाशकाची हवा

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, निफाडकडे त्याहून खाली. पावडरी परफ्यूमसाठी हाच मोसम. थंडीत वास हळूहळू सुटतो, स्वेटरच्या लोकरीत अडकतो, शालीच्या पदरात दुसऱ्या दिवशीही सापडतो. शिकायला सुरुवात याच दिवसांत करा.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकला की सगळं बिघडतं. उष्णतेने सगळे टप्पे एकदम उडतात, गोडवा वर येतो आणि घामाशी मिसळून चिकट होतो. तेव्हा लावायचंच असेल तर सूर्यास्तानंतर, एकच फवारा, तोही कपड्याच्या आतल्या बाजूला. उन्हाळ्यासाठी ईडीपीपेक्षा ईडीटी (ओ द त्वालेत) बरं, त्यात सुगंधी तेलाचं प्रमाण साधारण पाच ते पंधरा टक्के असतं, ईडीपीत पंधरा ते वीस. आयरिसची कोरडी, थंड परफ्यूम गोड व्हॅनिलावाल्यांपेक्षा उन्हाळ्यात जास्त सोसतात.

पावसाळ्याबद्दल माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. दमट हवेत वास जड वाटतो, पण गंगापूर रोडला संध्याकाळी पाऊस थांबल्यावर ओल्या मातीच्या वासात व्हायोलेट जे काही करतं, ते मला दुसऱ्या कुठल्याच मोसमात मिळालेलं नाही.

काही खबरदाऱ्या

पैठणीवर कधीही थेट फवारा मारू नका. येवल्याची पैठणी घेताना किती महिने विचार केलेला असतो आपण, आणि रेशमावर तेलाचा-अल्कोहोलचा डाग एका सेकंदात पडतो, जरीचीही चमक जाते. परफ्यूम आधी, ते वाळल्यावर साडी आणि दागिने सगळ्यात शेवटी. मोत्यांना तर परफ्यूम लागूच देऊ नका, त्यांचा पृष्ठभाग मंद पडतो. नथ घालायची असेल तर मान-कानाऐवजी कोपराच्या आत लावा.

परफ्यूममध्ये अल्कोहोल असतं आणि ते पेट घेतं. औक्षणाचं ताट तयार असताना, निरांजनाजवळ, गॅसच्या ओट्यापाशी फवारा मारायचा नाही.

बाटली उन्हात आणि बाथरूममध्ये ठेवू नका. कपाटात खालच्या खणात, तिच्याच खोक्यात बरी. आणि स्कूटरच्या डिकीत तर अजिबात नको. अंबडला ऑफिसच्या पार्किंगमध्ये दिवसभर उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत माझं एक डिकँट तीन आठवडे राहिलं. व्हायोलेट गेलं आणि आंबूस काहीतरी उरलं.

ऑफिसमध्ये, बसमध्ये, दवाखान्यात जाताना एकाच्या वर फवारा नको. पावडरी वास मऊ असला तरी बंद खोलीत तो साचतो आणि मायग्रेन असलेल्यांना त्याचा खरंच त्रास होतो. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला असा त्रास आहे. सोमवार ते शुक्रवार मी तिच्या बाजूच्या हाताला काही लावत नाही.

दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा

लागोपाठ लावू नका, मध्ये दोन दिवस जाऊ द्या. दुसऱ्यांदा लावताना घराबाहेर पडा: गोदाघाटावर चक्कर, बाजार, कुणाकडे जेवण. तिसऱ्यांदा एखाद्या समारंभाला. दर वेळी तीन शब्द लिहा, एक पहिल्या तासाचा, एक दुपारचा, एक झोपतानाचा. वाक्यं नकोत, शब्दच. चार वेळांनंतर झोपतानाचा शब्द सकाळच्या शब्दापेक्षा आवडता निघाला तर मोठी बाटली घ्या. निघाला नाही तर उरलेलं कुणालातरी देऊन टाका. आवडलंच पाहिजे असं काही नाही. माझ्या बहिणीला मोगऱ्यापलीकडे काही रुचत नाही आणि तिला मी कधी आग्रह केला नाही.

ज्यांच्या त्वचेला परफ्यूम सोसत नाही, त्यांच्यासाठी आपल्याकडचा फाया आहेच. काकूंना त्या हळदीकुंकवानंतर मी दोन मिलीची कुपी भरून दिली. त्यांच्या हाताला लगेच खाज सुटली. मग आम्ही कापसाचा छोटा बोळा घेतला, त्यावर दोन फवारे मारले, अल्कोहोल उडून जाईपर्यंत तो पाच मिनिटं खिडकीत ठेवला आणि जाळीच्या पुरचुंडीत बांधून त्यांच्या साड्यांच्या कपाटात, साड्यांना टेकणार नाही असा खुंटीला टांगला. आता दर पंधरा दिवसांनी त्या मला हाक मारतात, "अगं, तो बोळा वाळला."